बाण, फुली आणि ठिपका

कॉम्प्युटरपुढे बसलेला माणूस दिवसभर नक्की कशाकडे बघत असतो? कुणी म्हणेल ईमेलकडे, कुणी म्हणेल क्रिकेटच्या स्कोअरकडे. :) पण आपली नजर सगळ्यात जास्त ज्याच्या मागे मागे फिरते, तो म्हणजे पडद्यावरचा तो इवलासा बाण. कर्सर. तो इतका सवयीचा झालाय की आता दिसतच नाही. हरवला की आपण माऊस गरागरा फिरवून त्याला शोधतो, तेवढीच काय ती त्याची आठवण.

आज लिहायचंय ते या बाणाच्या एका चुलत घराण्याबद्दल. माऊसऐवजी पेन हातात धरून जे काम करतात, म्हणजे चित्रकार, ॲनिमेशनवाले, नकाशे काढणारे, सुलेखन करणारे, त्यांना पडद्यावर काय दाखवायचं? बाण? फुली? ठिपका? की काहीच नको? प्रश्न अगदी चिल्लर वाटतो. पण साठ वर्षांहून जास्त काळ हुशार माणसं त्यावर डोकं खाजवत आली आहेत, आणि गंमत म्हणजे उत्तर अजून बदलतंच आहे.

ज्यांनी पेन टॅब्लेट पाहिलेला नाही (आमच्या घरातले निम्मे वाचक!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शाळेतल्या पाटीसारखी एक सपाट, काळी पाटी असते. तिच्यावर खास पेनाने रेघ ओढायची. पाटीवर काहीच उमटत नाही, रेघ उमटते ती समोरच्या पडद्यावर. म्हणजे हात खाली आणि डोळे वर. आता हात नेमका कुठे आहे हे डोळ्यांना कुणी सांगायचं? ते काम कर्सरचं.

‘कर्सर’ हा शब्द मूळ लॅटिन. अर्थ धावणारा, धावपटू. कॉम्प्युटरच्या आधीही तो वापरात होता. कॅलक्युलेटर येण्यापूर्वीच्या इंजिनियर मंडळींकडे स्लाइड रूल असायची. आकडेमोडीची ती सरकपट्टी. तिच्यावर काचेचा एक छोटा तुकडा पुढे-मागे सरकायचा आणि त्या काचेवर केसाइतकी बारीक रेघ असायची. ती रेघ हव्या त्या आकड्यावर आणून ठेवायची. त्या काचेला कर्सरच म्हणत. म्हणजे कर्सर पारदर्शक असायला हवा, खालचं झाकणार नाही असा असायला हवा, ही समज या शब्दाबरोबर आधीपासूनच चालत आलेली होती. पुढे पडद्यावर आल्यावर ती बरीच वर्षं विसरली गेली, ते ओघात येईलच.

फुली: पेनाला काळोखात दिसत नव्हतं

सुरुवात करू १९६३ पासून. अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत टीएक्स-२ नावाचा अवाढव्य कॉम्प्युटर होता. त्यावर आयव्हन सदरलँड या तरुणाने पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर थेट पेन टेकवून रेघा, वर्तुळं काढता येत. आज आपण ज्याला ग्राफिक्स म्हणतो त्या सगळ्याचा हा एक मूळ पुरुष.

सदरलँडच्या हातातलं पेन म्हणजे ‘लाइट पेन’. नावावरून वाटतं की हे पेन प्रकाश टाकत असेल. प्रत्यक्षात उलटं आहे. ते प्रकाश बघतं. पेनाच्या टोकाशी प्रकाश ओळखणारा भाग असतो. पडद्यावर एखादा ठिपका उजळला आणि तो पेनाला दिसला, की कॉम्प्युटर समजतो, ‘अच्छा, पेन इथे आहे तर!’

आता यातली गोम लक्षात आली का? पडद्याचा जो भाग काळा आहे तिथे पेन आंधळं. आणि चित्र काढायला तर आपण कोऱ्या जागीच जाणार! मग यावर उपाय असा की पेनाच्या टोकाखाली सतत उजेडाची एक छोटी फुली काढत राहायची. पेन जरा सरकलं की फुलीतले काही ठिपके त्याला दिसतात, काही दिसत नाहीत. त्यावरून पेन कुठल्या बाजूला गेलं याचा हिशेब करून कॉम्प्युटर फुली नव्या जागी काढतो. पेन पुढे आणि फुली मागे, अशी ती जोडी पडदाभर फिरते.

आणि पडद्यावर काहीच काढलेलं नसेल तर? फुलीने पेनाला पहिल्यांदा पकडायचं कुठे? त्यासाठी सदरलँडने पडद्यावर एक शब्द कायम उजळत ठेवला होता, ‘इंक’, म्हणजे शाई. पेन त्या शब्दावर टेकवायचं की फुली प्रकट होणार. दौतीत टाक बुडवावा तसं! आणि काम संपलं की पेन झटक्यात बाजूला घ्यायचं. वेग फुलीला झेपायचा नाही, ती पेन गमावून बसायची, आणि या गमावण्यालाच सदरलँडने ‘रेघ संपली’ ही खूण मानलं. अडचणीचीच सोय करून टाकली. मला हा भाग फार आवडतो.

म्हणजे पेनाचा पहिला कर्सर माणसाच्या सोयीसाठी जन्मलाच नव्हता. माणसाचा हात पडद्यावरच होता, त्याला आपलं टोक दिसतच होतं. फुलीची गरज यंत्राला होती.

ठिपका: हात खाली, डोळे वर

लगेच पुढच्या वर्षी, १९६४ मध्ये, रँड कॉर्पोरेशनच्या डेव्हिस आणि एलिस या दोघांनी वेगळी वाट धरली. पडद्यावर हात उंच धरून काम करणं दमवणारं असतं. (खडू धरून तासभर फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकांना विचारा.) त्यांनी टेबलावर ठेवायची पाटीच बनवली. १० इंच बाय १० इंच. तिच्या पृष्ठभागाखाली तांब्याच्या बारीक रेघांची जाळी, एका इंचात १०० रेघा. जाळीतून सांकेतिक विजेचे ठोके जायचे आणि पेन ते टिपायचं. १० लाखांहून जास्त वेगवेगळ्या जागा त्या पाटीला ओळखता यायच्या. पेनाच्या टोकात एक बारीक बटण. टोक दाबलं की रेघ सुरू.

हा ‘रँड टॅब्लेट’ आजच्या सगळ्या पेन टॅब्लेटांचा आजोबा. आणि इथे पहिल्यांदाच कर्सरची गरज माणसाला लागली. पडद्यावर पेनाच्या जागी एक साधा ठिपका दिसायचा, बस्स. पेन हलवलं की ठिपका हलणार, टोक दाबलं की ठिपक्यामागे शाई उमटणार. डोळे वर आणि हात खाली असताना माणूस गोंधळेल अशी शंका कुणालाही येईल, पण बहुतेक माणसं काही मिनिटांतच सरावत. इतका साधा ठिपका पुरेसा होता, कारण पडद्यावर दुसरं काही फारसं नव्हतंच.

बाण: माऊसच्या घरातला पाहुणा

मग आला माऊस. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास लाकडी डबीचा पहिला माऊस बनवला. पुढे त्यांनी लाइट पेन, जॉयस्टिक, गुडघ्याने हलवायची एक कळ (हो, गुडघ्याने!) आणि माऊस यांची रीतसर परीक्षा घेतली. निकाल १९६७ साली छापून आला. सरावलेल्या लोकांच्या हातात माऊस सरस ठरला. ९ डिसेंबर १९६८ रोजी एंगलबार्टने सॅन फ्रान्सिस्कोत हजारभर लोकांसमोर माऊसचं ते प्रसिद्ध प्रात्यक्षिक दिलं, आणि पुढची दिशा ठरली.

एंगलबार्टच्या पडद्यावरचा बाण सरळ वर बघायचा. तो तिरका झाला झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात. १९७३ साली तिथे ‘आल्टो’ हा कॉम्प्युटर बनला. त्यात कर्सरसाठी जागा होती १६ बाय १६ ठिपक्यांची. एवढ्या भरड चौकटीत सरळ उभा बाण नीट दिसायचा नाही. पण डावी कड उभी आणि उजवी कड ४५ अंशात उतरती ठेवली की बाण छान स्वच्छ दिसतो. म्हणून बाण डावीकडे कलला, आणि तो कल आजतागायत तसाच आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्येही कर्सर १६ बाय १६ चाच होता, आणि त्यासोबत एक गोष्ट ठरवून दिलेली असायची ती म्हणजे त्या चित्रातला नेमका कुठला ठिपका ‘खरा’. बाणाचं टोक, फुलीचा मध्य, पेन्सिलीचं अग्र. बाकी सगळा नुसता पिसारा.

माऊसला बाण शोभतो, यात शंका नाही. माऊस पडद्यावरची जागा सांगतच नाही, तो फक्त ‘इतका सरकलो’ एवढंच सांगतो. उचलून दुसरीकडे ठेवला तरी बाण जागचा हलत नाही. म्हणून बाण पडद्यावर कायम हवा, ठळक हवा, लांबून दिसायला हवा. पेनाचं तसं नाही. पाटीचा वरचा डावा कोपरा म्हणजे पडद्याचा वरचा डावा कोपरा. जिथे पेन ठेवाल तीच जागा. पेन उचललं की जागाही गेली. दोघांचे स्वभाव असे वेगळे आहेत.

पण बाजाराला स्वभाव कुठे कळतो? १९८० च्या दशकात घरोघरी आणि ऑफिसांत जे कॉम्प्युटर गेले ते माऊस गृहीत धरून. पेनाची पाटी त्यांना जोडली की पाटीला माऊस असल्याचं सोंग घ्यावं लागे. तरच पडद्यावर काही हलायचं. आणि सोंगाबरोबर बाणही गळ्यात पडायचा. एक घराणं मात्र यातून सुटलं. आर्किटेक्ट आणि इंजिनियरांच्या ऑफिसात मोठ्या डिजिटायझर पाट्या असत. त्यावर पेनासोबत हातात मावणारी एक चकती असायची, तिला भिंगासारखी काच आणि काचेवर बारीक फुली. नकाशावरच्या बिंदूवर ती फुली आणून बटण दाबायचं. या चकतीलाच त्या धंद्यात ‘कर्सर’ म्हणत. स्लाइड रूलची ती काच पुन्हा अवतरली म्हणायची! आणि ऑटोकॅडच्या पडद्यावर बाणाऐवजी या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणारी भलीमोठी फुली असायची, ड्रॉइंग बोर्डावरच्या टी-स्क्वेअरसारखी.

न टेकलेलं पेन

१९८३ साली जपानमध्ये वॅकॉम ही कंपनी सुरू झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी वायर नसलेलं पेन आणलं. त्यात बॅटरीही नाही. पाटीखालच्या तारांच्या जाळीतून चुंबकीय लहरी निघतात, पेनातल्या वेटोळ्यात त्या झंकारतात आणि परत पाठवल्या जातात. तंबोऱ्याची एक तार छेडली की सुरात लावलेली दुसरी आपोआप गुणगुणते ना, तोच प्रकार. त्यातून पाटीला पेन कुठे आहे ते कळतं, आणि पुढे पेनावर किती दाब आहे, ते किती कललंय, हेही कळायला लागलं.

पण कर्सरच्या गोष्टीत महत्त्वाची बाब निराळीच. या पाटीला पेन टेकायच्या आधीच कळतं! पाटीपासून साधारण सेंटिमीटरभर वर असतानाही. १९९० साली कॅनडाच्या बिल बक्स्टन यांनी एका निबंधात हे फार सोपं करून मांडलं. पेनाच्या तीन अवस्था असतात. एक, पेन दूर आहे, काहीच माहीत नाही. दोन, पेन जवळ आहे पण टेकलेलं नाही. तीन, पेन टेकलंय. साध्या टचस्क्रीनला पहिली आणि शेवटची एवढ्या दोनच अवस्था कळतात. माऊसला दुसरी आणि तिसरीच कळते, कारण तो कधी ‘दूर’ नसतोच. पेनाच्या पाटीला तिन्ही कळतात.

पेनाचा कर्सर राहतो तो या मधल्या अवस्थेत. पेन दूर असताना त्याला दाखवण्यासारखं काही नाही. पेन टेकल्यावर रेघच सगळं सांगते. जे काही सांगायचं ते टेकण्याआधीच्या त्या सेंटिमीटरभर हवेत.

हे वाचलं तेव्हा मला आमचे मामा आठवले.

मामा कोल्हापूरकडचे, धंद्याने पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची वाक्यं, निवडणुकीच्या भिंती. खडूची दोरी ताणून दोन रेघा मारायच्या आणि ऑइलपेंटमध्ये ब्रश बुडवून थेट अक्षर. पेन्सिल नाही, काही नाही. लहानपणी आम्ही तासन् तास बघत उभे राहायचो. त्यांची एक लकब होती. ब्रश पाटीला टेकवण्याआधी ते ब्रश पाटीच्या अगदी जवळ धरून ते अख्खं अक्षर एकदा हवेत काढायचे. मग तेच अक्षर रंगात. आम्हा पोरांना वाटायचं, मंत्र म्हणतायत!

मग फ्लेक्स आलं आणि दोन-तीन वर्षांत हाताने रंगवलेल्या पाट्यांचं काम आटलं. २००६ च्या सुमारास मामेभावाने तालुक्याच्या गावी फ्लेक्सचं डिझाइन करून देण्याचं दुकान टाकलं, आणि वडिलांची अक्षरं वाया जाऊ नयेत म्हणून एक पेन टॅब्लेट आणला. सगळ्यात लहान, पोस्टकार्डाएवढा. मी तेव्हा तिथेच होतो. मामा पेन घेऊन बसले खरे, पण नजर सारखी हाताकडे.

“आण्णा, हाताकडं बघू नका, वर बघा,” भाऊ म्हणाला.

“हाताकडं न बघता काम करायला मी काय आंधळा हाय का?” मामा.

थोड्या वेळाने नजर वर गेली, तर नवी तक्रार. “आरं, ह्यो बाण कशाला मदी मदी नाचतोय? अक्षराचं तोंडच दिसंना!”

त्यांचं अगदी बरोबर होतं. बाणाचं टोक जिथे असतं तिथूनच रेघ निघते, आणि त्याचं उरलेलं अंग खाली उजवीकडे, म्हणजे देवनागरीत पुढचा फटकारा जिथे जायचा नेमक्या त्या जागेवर बसलेलं. भावाने सेटिंगमध्ये जाऊन बाणाच्या जागी ब्रशच्या जाडीचं वर्तुळ केलं. मामांनी पेन पाटीवर न टेकवता हवेत फिरवलं. पडद्यावर वर्तुळ फिरलं. त्यांनी हवेतच एक ‘श्री’ काढला. मग टेकवून तोच ‘श्री’. पुढचा अर्धा तास मामा कुणाशी बोलले नाहीत.

खोटं कशाला सांगू, त्यांची भिंतीवरची अक्षरं त्या पाटीवर पूर्ण कधी उतरली नाहीत. भिंतीवर त्यांचा हात खांद्यापासून फिरायचा, इथे अख्खा पडदा पोस्टकार्डात बसवलेला, मनगट जरा थरथरलं की पडद्यावर ती थरथर चौपट होऊन दिसायची. तरी दोनेक वर्षं त्या दुकानातल्या फ्लेक्सवर मथळ्याची अक्षरं मामांची होती. तालुक्यातल्या जाणत्यांना ती ओळखू यायची.

वर्तुळ काय सांगतं

ते वर्तुळ कुणी आणि का काढलं असेल, हे मला त्यानंतर शोधावंसं वाटलं. चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये कर्सर म्हणून तीन गोष्टी मिळतात. हत्याराचं चित्र (ब्रश, पेन्सिल, रबर वगैरे), बारीक फुली, किंवा ब्रशच्या मापाचं वर्तुळ. फोटोशॉप वापरणाऱ्यांना माहीत असेल, कॅप्स लॉक दाबलं की वर्तुळाची फुली होते. (आणि अनेकांना ते माहीत नसतं, मग ‘माझं वर्तुळ कुठे गेलं’ म्हणून शोधाशोध!)

हत्याराचं चित्र सांगतं, ‘तुझ्या हातात काय आहे’. फुली सांगते, ‘तू नेमका कुठे आहेस’. वर्तुळ सांगतं, ‘तू आता टेकलास तर किती जागा रंगेल’. पेनवाल्याला पहिली गोष्ट बहुधा माहीत असते. त्याला हवी असते तिसरी.

पण वर्तुळही वाटतं तितकं सरळ नाही. मऊ कडांच्या ब्रशची कड असते तरी कुठे? रंग मध्यात गडद आणि बाहेर विरत जातो. म्हणून फोटोशॉपमध्ये दोन पर्याय आहेत. नेहमीच्या पर्यायात वर्तुळ साधारण निम्म्या भागाला वेढतं, जिथे रंगाचा खरा जोर असतो. दुसऱ्या पर्यायात जवळजवळ सगळा भाग, अगदी फिकट कडेसकट. दोन्ही खरे, पण वेगवेगळ्या अर्थाने खरे. दाबाप्रमाणे जाडी बदलणाऱ्या ब्रशचं तर आणखी अवघड. पेन हवेत असताना दाब शून्य, मग वर्तुळ केवढं काढायचं? ते जास्तीत जास्त जाडीचं काढलं, तर ‘एवढ्यापर्यंत जाऊ शकशील’ इतकंच त्यातून कळतं.

शिवाय रंग. काळं वर्तुळ काळ्या चित्रावर दिसत नाही, पांढरं पांढऱ्यावर दिसत नाही. जुनी युक्ती म्हणजे कर्सरच्या खालचा रंग उलटा करायचा. काळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर काळा. हुशार युक्ती, पण मधल्या राखाडीवर ती फसते. मधला राखाडी उलटा केला की पुन्हा मधला राखाडीच! चित्रकाराचं अर्ध आयुष्य मधल्या छटांमध्येच जातं, तिथेच कर्सर गायब. त्यापेक्षा एक काळी आणि तिला चिकटून एक पांढरी अशी दुहेरी रेघ जास्त भरवशाची, कारण त्यातली एक कुठेही दिसतेच.

आणि सुलेखनवाल्यांना गोल वर्तुळ पुरत नाही. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, म्हणून देवनागरीचा फटकारा एका दिशेला जाड आणि दुसरीकडे बारीक येतो. तिथे जाडीइतकाच कोनही महत्त्वाचा. चपटा, तिरका ब्रश निवडल्यावर कर्सरही तसाच चपटा, तिरका दिसला तरच टेकण्याआधी अक्षराचा अंदाज येतो. आता अनेक प्रोग्रॅममध्ये ब्रशच्या खऱ्या आकाराची कड दाखवतात. कृता या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर पेन कोणत्या बाजूला कललंय तेही कर्सरच्या कडेवरून कळतं.

पुन्हा पडद्यावर

२००१ मध्ये वॅकॉमने ‘सिंटिक’ आणला. पडदा हीच पाटी. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे टॅब्लेट पीसी आले. म्हणजे चाळीस वर्षांनी पेन परत सदरलँडच्या जागी, पडद्यावर. आता हात डोळ्यांसमोर आहे, मग कर्सर हवाच कशाला?

तर नवीन भानगडी. पेनाचं टोक काचेवर आणि चित्र काचेखाली. काच जाड असेल तर तिरकं बघितल्यावर टोक आणि चित्र यांत फट पडते. पाण्यात हात घातल्यावर नाणं भलतीकडेच लागतं ना, तसं काहीसं. म्हणून कोपऱ्यातल्या फुल्यांवर पेन टेकवून पाटी आपल्या डोळ्यांशी जुळवून घ्यायची. दुसरं म्हणजे वेळ. कॉम्प्युटर कितीही वेगवान असला तरी चित्र पेनाच्या किंचित मागे राहतं. बाजूला पाटी असताना हे जाणवत नाही, कारण हात आणि कर्सर एकमेकांशेजारी नसतात. पडद्यावर ते शेजारी आले की पेनामागे फरफटत येणारा मोठा बाण लगेच डोळ्यात खुपतो. म्हणून इथे कर्सर लहान लहान होत गेला. २००७ च्या विंडोज व्हिस्टामध्ये पेनासाठी बाणाऐवजी चिमुकला ठिपका होता, आणि पेन टेकवलं की पाण्यात खडा टाकल्यासारखी एक लहर उठायची. ‘कळलं बरं का!’ एवढंच सांगायला.

तिसरी भानगड हाताचीच. उजव्या हाताने लिहिताना तळहाताखाली पडद्याचा उजवा खालचा भाग झाकला जातो. मेनू तिथे उघडला तर दिसणार कसा? म्हणून टॅब्लेट पीसीत ‘तुम्ही उजवे की डावखुरे’ असं विचारून मेनू हाताच्या विरुद्ध बाजूला उघडायची सोय होती. आणि इथे त्या डावीकडे कललेल्या बाणाचं पितळ उघडं पडतं. उजव्या हातातलं पेन आणि तो बाण एकाच दिशेने झुकतात, त्यामुळे बाण पेनाखाली दडून जातो, फक्त टोक पुढे. डावखुऱ्याच्या हातात मात्र पेन एकीकडे आणि बाण दुसरीकडे. कृतामध्ये यासाठी दोन वेगळे त्रिकोणी कर्सर आहेत, एक उजव्यांसाठी आणि एक डावखुऱ्यांसाठी. १९७३ मध्ये भरड पडद्यासाठी केलेली तडजोड, तिने पुढे किती वर्षं डावखुऱ्यांना आडवं यावं! आपल्याकडे डाव्या हाताने लिहिणाऱ्या पोरांना पूर्वी कसं वागवलं जायचं ते आठवलं की हा छोटासा त्रिकोण मला मोठा वाटतो.

सावली

पाम पायलटने १९९६ मध्ये कर्सर काढूनच टाकला होता. त्याच्या पडद्याला टेकण्याआधीचं काही कळतच नव्हतं. २०१५ मध्ये ॲपलची पेन्सिल आली तेव्हाही तेच. टेकवा, रेघ उमटेल, मधलं काही नाही. तेव्हा अनेकांना वाटलं, संपला एकदाचा कर्सर. काच पातळ झाली, वेग वाढला, आता त्याची गरज काय?

पण २०२२ च्या आयपॅड प्रोमध्ये पेन्सिल काचेपासून १२ मिलिमीटरपर्यंत वर असतानाच कळायला लागली, आणि चित्रकारांना टेकण्याआधी ब्रशचं माप पुन्हा दिसू लागलं. २०२४ च्या पेन्सिलमध्ये तर पेन बोटांत गोल फिरवलं तरी कळतं, आणि निवडलेल्या हत्याराची सावली काचेवर पडल्यासारखी दिसते. ही सावली अर्थातच खोटी, काढलेली. पण कागदावर टाक नेताना त्याची सावली आधी कागदाला टेकते आणि मग टाक, हे ज्याने पाहिलंय त्याला हा कर्सर शिकवावा लागत नाही.

उजेडाची फुली, ठिपका, बाण, वर्तुळ आणि आता सावली. या सगळ्या प्रवासात मला एक गोष्ट दिसते. पडद्यावर रेघ उमटवणं हे यंत्राला तुलनेने लवकर जमलं. हात टेकायच्या आधी काय करत असतो, हे समजायला मात्र फार वेळ लागला. कारण बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही घडतच नसतं. कसबी माणसाचं अर्धं काम त्या सेंटिमीटरभर हवेत होतं. सुतार करवत लाकडावर नुसती ठेवून बघतो, शिंपी कात्री चालवण्याआधी कापडावरून फिरवतो, रांगोळी घालणारी बाई चिमूट सोडण्याआधी बोटं फिरवून घेते. त्या वेळी त्यांना मधे नाचणारा बाण दाखवायचा की ते जे हवेत काढतायत तेच दाखवायचं, हा कर्सर बनवणाऱ्याचा निर्णय असतो. तो बनवणाऱ्याने कधीतरी कुणाच्या तरी हाताकडे नीट बघितलं असेल, तरच तो बरोबर येतो.

असो. बरंच लांबलं. तुमच्यापैकी कुणी पेनाने काम करत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन एकदा कर्सर बदलून बघा आणि काय फरक पडला ते कळवा. डावखुऱ्यांनी तर जरूर कळवा. :)